दृष्टिभेट

आमच्या एका आत्याबाई फोंडे तालुक्यातील त्यांच्या जुन्या घरात एकट्याच राहतात. वय ऐंशीच्या पलीकडे गेलेले. कान शाबूत, डोळे त्याहून शाबूत. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचा आतेभाऊ, गेली बावीस वर्षे कॅनडात आहे. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री, तो आपल्या संगणकासमोर बसतो, इकडे शेजारचा मुलगा आत्याबाईंचा मोबाईल देवघरासमोरच्या पाटावर तांब्याला टेकवून उभा करतो, आणि मायलेकांची भेट होते. गेल्या चातुर्मासात कुलदेवतेच्या दर्शनास जाताना आम्ही वाटेत त्यांच्याकडे उतरलो. चहा पुढे ठेवून त्यांनी आधी प्रकृतीचे, मग पावसाचे बोलणे काढले, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "तो म्हजेकडेन पळयना रे. कितें तरी लिपयता."

वकिलाच्या मनाला अशा वाक्यात लगेच सतरा शक्यता दिसतात. नोकरी गेली असेल, घरात काही बिनसले असेल, प्रकृतीचे काही निघाले असेल. त्याच रात्री आम्ही त्यास फोन लावला आणि आडवळणाने, उलटतपासणीत विचारतो तसे, सर्व काही विचारून घेतले. काहीएक लपविलेले नव्हते. अखेर आत्याबाईंचे शब्द त्याच्या कानी घातले तेव्हा तो अगदी दुखावून म्हणाला, "अरे, त्या अर्ध्या तासात मी आईच्या चेहऱ्यावरून नजर हलवीत नाही!"

दोघेही खरे बोलत होती. मुलगा आईकडे पाहत होता आणि आईला तो आपल्याकडे पाहताना दिसत नव्हता. ह्याचे कारण इतके क्षुल्लक आहे की सांगताना संकोच वाटावा. आईचा चेहरा पडद्याच्या मध्यावर होता आणि कॅमेरा पडद्याच्या वरच्या काठावर. माणूस साठ सेंटीमीटरांवर बसला असेल आणि पडद्यावरच्या चेहऱ्यापासून कॅमेरा दहा सेंटीमीटर वर असेल, तर दोन्ही दिशांमध्ये साडेनऊ अंशांच्या आसपास कोन पडतो. समोरच्याला तेवढी नजर खाली झुकलेली दिसते. मिल्टन चेन ह्या संशोधकाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते, की समोरच्याची नजर आपल्या डोळ्यांच्या किंचित खाली असेल तर आपण ती चालवून घेतो, बाजूला वा वर गेली तर लगेच ओळखतो. पण खालच्या बाजूची ही सवलतही साधारण पाच अंशांपर्यंतच. साडेनऊ अंश म्हणजे त्या सवलतीच्या चांगलेच बाहेर. आत्याबाईंचे डोळे शाबूत आहेत हे आम्ही वर म्हटले ते उगाच नव्हे.

आम्ही आतेभावास सुचविले, की बोलताना पडद्याकडे न पाहता वरच्या भिंगाकडे पाहत जा. त्याने पुढच्या रविवारी तसे केले. आत्याबाईंचे समाधान झाले. त्याने मात्र आम्हांस कळविले, की अर्धा तास एका काळ्या ठिपक्याशी बोलल्यासारखे वाटले. आई केव्हा हसली, केव्हा तिने डोळे पुसले, ते कळलेच नाही. आईला पाहावे तर पाहिल्याचे आईला दिसत नाही, आणि पाहिल्याचे दाखवावे तर आई दिसत नाही. दृश्यभाषणाच्या यंत्राने माणसापुढे घातलेला हा पेच आहे, आणि तो आजचा नाही. अमेरिकेत १९६४ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात चित्रदूरध्वनी मांडला गेला आणि १९७० साली पिट्सबर्ग शहरात तो विक्रीस आला, तेव्हाही जिथे चेहरा दिसतो तिथेच कॅमेरा बसविणे शक्य नव्हते. साठ वर्षांत चित्र स्वच्छ झाले, रंगीत झाले, जवळजवळ फुकट झाले. कोन तेवढा राहिला.

ह्या पेचातून वाट काढण्याच्या दोन रीती आज जगापुढे आहेत, आणि त्यांतील भेद आमच्या मते केवळ तंत्राचा नसून नीतीचा आहे. त्याच भेदाविषयी आम्ही हे लिहावयास बसलो आहोत. पण त्याआधी पहिल्या रीतीचे, म्हणजे होलोग्राफीच्या काचेचे, थोडे स्वरूप सांगणे भाग आहे. कारण होलोग्राम ह्या शब्दाने आपल्याकडे बराच घोटाळा करून ठेविला आहे. २०१२ च्या गुजरातच्या आणि २०१४ च्या लोकसभेच्या निवडणुकीत सभामंचावर पुढाऱ्याची जी छायाकृती उभी राहिली, तिला सर्वांनी होलोग्राम म्हटले. वस्तुतः ती तिरप्या पारदर्शक पडद्यावर पडलेल्या प्रतिबिंबाची करामत होती. लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर ह्यांनी १८६२ साली रंगभूमीवर भूत दाखविले ते ह्याच युक्तीने. होलोग्राम ही वस्तू निराळी.

देवळाच्या तळीत दोन बाजूंनी दोन खडे टाकले, की दोन्हींच्या लाटा एकमेकींत मिसळून पाण्यावर एक जाळी उमटते. प्रकाशाचेही तसेच आहे. लेझरच्या एकाच प्रकाशाचे दोन भाग करून ते दोन दिशांनी एका पातळ संवेदनशील थरात एकमेकांस भेटविले, तर त्या थरात अंधार-उजेडाच्या अतिसूक्ष्म रेघांची जाळी कोरली जाते. दोन रेघांतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकते. ह्या जाळीवर पुन्हा तसाच प्रकाश पडला की ती त्यास मूळच्या दिशेने वळवून पाठविते. डेनिस गॅबर ह्यांस ही कल्पना १९४७ साली सुचली, तीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत. पुढे १९६० साली लेझर आला, १९६२ च्या सुमारास अमेरिकेत लीथ व उपातनिएक्स ह्या जोडीने आणि रशियात डेनिस्युक ह्यांनी तिला रूप दिले, आणि गॅबर ह्यांस १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सामान्य वाचकाला होलोग्राम म्हणजे हवेत तरंगणारे चित्र एवढेच ठाऊक असते. आमच्या विषयाशी संबंध आहे तो त्याच्या दुसऱ्या एका गुणाचा. आरशाचे छायाचित्र काढले तर त्या छायाचित्रात तोंड पाहता येत नाही. आरशाचा होलोग्राम केला तर तो मात्र आरशाचे काम करतो. भिंगाचा केला तर भिंगाचे. आणि हे काम तो सर्व प्रकाशाच्या बाबतीत न करता ज्या रंगाच्या व ज्या दिशेच्या प्रकाशाने तो कोरला गेला तेवढ्यापुरतेच करतो. बाकीचा प्रकाश त्यातून साध्या काचेतून जावा तसा निघून जातो. म्हणजे एकच काच एका प्रकाशापुरती आरसा आणि इतरांपुरती खिडकी. हे एकदा ध्यानात आले की पुढची युक्ती आपोआप सुचते. पडद्यावर अशी फिल्म बसवावी. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून येणारा थोडासा प्रकाश ती अडवील, इतका तिरपा वळवील की तो काचेच्या आतल्या आत परावर्तित होत काठापर्यंत जाईल, आणि तिथे चौकटीत लपलेल्या कॅमेऱ्यास मिळेल. कॅमेरा कडेला असूनही त्याचा डोळा काचेच्या मध्यावर, अगदी जिथे आईचा चेहरा उमटला आहे तिथे, उघडलेला असेल. जर्मनीतील झाइस ह्या भिंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या कारखान्याने २०२४ च्या आरंभी लास व्हेगास येथील प्रदर्शनात अशी पारदर्शक कॅमेऱ्याची काच मांडली होती.

उलट बाजूनेही हे साधते. पडद्याची काचच अशी करावयाची, की एका विशिष्ट कोनातून येणाऱ्या प्रक्षेपकाचा प्रकाश तेवढा ती पाहणाऱ्याकडे पसरील आणि इतर दिशांस निव्वळ काच राहील. मग कॅमेरा तिच्या पाठीमागे खुशाल ठेवावा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत अँड्र्यू विल्सन ह्यांनी २००४ साली अशाच एका होलोग्राफिक काचेच्या मागे कॅमेरे ठेवून प्रयोग केले होते. अडचणी अर्थातच आहेत. फिल्म ठरावीक रंगांचाच प्रकाश उचलते म्हणून चित्राचे रंग बिघडतात, प्रकाश थोडा मिळतो म्हणून चित्र मंद येते, आणि पडद्याचा स्वतःचा उजेड कॅमेऱ्याच्या डोळ्यात शिरतो. ह्या अडचणी कारागिरीच्या आहेत. त्या आज सुटतील वा दहा वर्षांनी. साध्या अर्धपारदर्शक आरशाने तर हे काम केव्हाच होत आले आहे. एरल मॉरिस ह्या अमेरिकन चित्रपटकाराने तशा आरशांची एक जोडी करून आपल्या मुलाखती घेतल्या. समोरचा माणूस भिंगावर उमटलेल्या मॉरिसच्या चेहऱ्याशी बोलतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की तो आपल्याच डोळ्यांत पाहतो आहे. २००३ साली आलेल्या 'द फॉग ऑफ वॉर' मध्ये युद्धकाळचे संरक्षणमंत्री मॅकनमारा असे आपल्याकडे पाहत आपल्या निर्णयांचा हिशेब देतात. पण तिरप्या आरशाला जागा लागते आणि प्रकाशाचा बराच भाग वाया जातो. पाटावर तांब्याला टेकवून ठेवावयाच्या वस्तूत तो कसा मावणार?

दुसरी रीत ह्या सर्व खटपटीला फाटा देते. काच तीच, कॅमेरा तिथेच. चित्र जाण्यापूर्वी यंत्रातील गणिताने माणसाचे डोळे पुसून त्या जागी समोर पाहणारे डोळे रेखाटावयाचे. अ‍ॅपलने आपल्या फोनांत २०२० पासून अशी सोय दिली. एन्व्हिडिया ह्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जी सोय आणली तिची तर जाहिरातच अशी, की तुम्ही कागदावरून वाचीत असलात तरी ऐकणाऱ्यास तुम्ही त्याच्या डोळ्यांत पाहत आहात असे दिसेल.

दोन्ही रीतींनी आत्याबाईंच्या मोबाईलवर चित्र एकच उमटेल. मुलगा आईकडे पाहतो आहे, डोळ्याला डोळा भिडला आहे. चित्र एकच असेल तर भेद कोठे राहिला, असे कोणी विचारील. आणि व्यवहारी माणसाचा कल स्वस्त रीतीकडेच जाईल. आम्हीही कदाचित तसेच म्हटले असते. पण मध्येच आम्हांस आमच्या व्यवसायातील एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका जमिनीच्या व्यवहाराच्या दाव्यात प्रतिपक्षाचा एक साक्षीदार परदेशात राहत होता. त्याची साक्ष पडद्यावरून झाली. आम्ही त्याची उलटतपासणी घेतली. प्रश्नामागून प्रश्न विचारले, आणि प्रत्येक उत्तराच्या वेळी त्याची नजर खाली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील बाराव्या नियमाने न्यायाधीशास साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा नोंदविता येतो. फौजदारी प्रक्रियेतही तशी तरतूद होती व नव्या संहितेत ती टिकून आहे. आम्ही न्यायालयाचे लक्ष त्या झुकलेल्या नजरेकडे वेधले. शेरा नोंदला गेला. युक्तिवादात आम्ही त्यावर चांगली पाच मिनिटे खर्च केली, आणि आमची ती पाच मिनिटे त्या दिवशी आम्हांस फार आवडली होती. निकाल आमच्या पक्षकाराच्या बाजूने लागला. कागदपत्रेही आमच्याच बाजूची होती, म्हणून केवळ त्या शेऱ्याने निकाल फिरला असे आम्ही म्हणत नाही. पण आत्याबाईंच्या पडवीत बसून तो साडेनऊ अंशांचा हिशेब करीत असताना त्या माणसाचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तो बहुधा आमच्याकडेच पाहत होता. आत्याबाईंना जो संशय आला तोच आम्ही भर न्यायालयात आरोप म्हणून मांडला. भेद इतकाच, की आत्याबाईंनी आरोप करण्यापूर्वी कोणाला तरी विचारून पाहिले.

सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई ह्या खटल्यात पडद्यावरून साक्ष घेण्यास मान्यता दिली, तेव्हा साक्षीदाराचे वर्तन पडद्यावरही पाहता येते हा त्या निर्णयातील एक आधार होता. निर्णय योग्यच होता. न्यूयॉर्कमधील डॉक्टरास मुंबईच्या न्यायालयाने दुसऱ्या कोणत्या रीतीने ऐकावयाचे? परंतु वर्तन दिसते हे खरे असले तरी नजर दिसत नाही, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानी आली नसावी. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या दिवसांत त्याच न्यायालयाने देशभर पडद्यावरील सुनावणीचा मार्ग मोकळा केला, आणि झुकलेल्या नजरांची संख्या एकदम वाढली.

येथे कोणी म्हणेल, की हे तर होलोग्राफीच्या काचेच्या बाजूचे उत्तम प्रमाण झाले. अशी काच असती तर साक्षीदाराची खरी नजर कळली असती व त्यावरून खरेखोटे पारखता आले असते. आम्हांस तसे म्हणता येत नाही. नजर चुकविणारा खोटा, ही समजूत जगभर आढळते. परंतु तिला आधार फार दुबळा आहे. बाँड आणि डीपाउलो ह्या संशोधकांनी अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून २००६ साली दाखविले, की खोटे ओळखण्यात माणसे शंभरांत चौपन्न वेळा बरोबर ठरतात. नाणे उडविले तर पन्नास वेळा बरोबर येते. उरलेल्या चार गुणांवर कोणाच्या जमिनीचा वा स्वातंत्र्याचा निवाडा करावयाचा नसतो. कित्येक सच्ची माणसे लाजेने खाली पाहतात, आणि आमच्या वीस वर्षांच्या वकिलीत आम्ही जे सर्वांत सराईत खोटे ऐकले ते आमच्या डोळ्यांत डोळे घालूनच सांगितले गेले होते.

मग नजर मिळावी म्हणून माणूस इतका तळमळतो तो कशासाठी? नजर हा जर पुरावा नव्हे, तर ती नेमकी आहे काय?

आमच्या नैयायिकांचे एक मत आधुनिक वाचकास विचित्र वाटते. डोळा हा तेजाचा बनलेला आहे, त्याचा किरण बाहेर निघतो, वस्तूपर्यंत जातो, तिला स्पर्शतो, आणि मग ती दिसते, असे ते मानीत. बौद्धांनी ह्याचा प्रतिवाद केला. डोळा आपल्या जागीच राहून दूरचे जाणतो असे त्यांचे म्हणणे. पदार्थविज्ञानाने नैयायिकांच्या विरुद्ध निकाल दिला ह्यात शंका नाही. डोळ्यातून काही निघत नाही. प्रकाश बाहेरून आत येतो. तथापि दिसणे आणि पाहणे ह्या मराठीतल्या दोन क्रियापदांचा विचार केला, की नैयायिकांना काय म्हणावयाचे होते त्याचा थोडा अंदाज लागतो. दिसणे हे घडते. पाहणे हे करावे लागते. दिसण्यात मी नुसता भोक्ता असतो, पाहण्यात मी माझे सर्व अवधान उचलून एका जागी नेऊन ठेवतो. समोरच्याने मला पाहिले म्हणजे ते अवधान मला येऊन पोचले. पाणिनीने साक्षी हा शब्द साक्षात् पाहणाऱ्यासाठी सांगितला, आणि मूर्तीची प्रतिष्ठा करताना सोन्याच्या शलाकेने नेत्रोन्मीलनाचा विधी होतो, तोही ह्याचसाठी: दर्शनाला जाणारा केवळ पाहावयास जात नाही, पाहिला जावा म्हणून जातो. लग्नात अंतरपाट धरतात आणि मंगलाष्टके संपताच तो दूर होतो. त्या क्षणी वधूवर एकमेकांविषयी कोणती माहिती मिळवितात? माहिती काहीच मिळत नाही. बहुतेक सर्व आधीच ठाऊक असते. तरी त्या क्षणासाठी एवढा मांडव उभारलेला असतो.

नजर ही अशी एक कृती आहे. ती दिली जाते आणि घेतली जाते. आमच्यासारख्या वकिलाने तिचा पुरावा केला, म्हणजे देण्याच्या वस्तूला जप्तीची वस्तू केली. आत्याबाईंना मुलाविरुद्ध पुरावा नको होता; त्यांना तो अर्धा तास हवा होता.

एवढे मान्य केले की दोन रीतींतील भेद आपोआप स्पष्ट होतो. होलोग्राफीच्या काचेमागे मुलगा खरोखरच आईकडे पाहतो आणि काच त्या पाहण्याचा मार्ग मोकळा करते. चष्म्याने जसे खोटे काही दिसत नाही, केवळ वाट सरळ होते, तसेच हे. मध्येच त्याने शेजारी उघडलेल्या क्रिकेटच्या धावफलकाकडे डोळे वळविले तर आईला तेही दिसेल, तिला वाईट वाटेल, आणि वाटावे हेच योग्य. दुसऱ्या रीतीत तो धावफलक पाहो वा पत्र वाचो, आईला अखंड प्रेमळ नजर मिळत राहील. जी नजर काढून घेता येत नाही ती दिली असेही म्हणता येत नाही. चित्र एक असले तरी एका चित्रामागे कृती आहे, दुसऱ्यामागे नाही; आणि दोन दस्तऐवजांवरील सह्या दिसण्यात एकसारख्या असल्या तरी त्यांतली एक ज्याची त्याने केलेली व दुसरी भलत्याने गिरवलेली असेल, तर कायदा दोघींना एक मानीत नाही, हे आमच्या व्यवसायाला नवे नाही. सही गिरवणारा कित्येकदा घरातलाच असतो आणि त्याचा हेतूही चांगला असतो.

ह्यावर एक आक्षेप आमच्या आतेभावानेच घेतला, आणि तो हलका नाही. तो म्हणाला, "मी खरोखर आईकडे पाहत असताना गणिताने माझी नजर सरळ केली, तर ते खोटे कसे? त्याने खरे तेच दाखविले." प्रश्न बिनतोड आहे. आमचे उत्तर इतकेच, की त्या वेळी चित्र खरे असेल, पण योगायोगाने. बंद पडलेले घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखविते. त्यावरून कोणी गाडी गाठावयास निघत नाही. जर ते गणित अशा बेताचे केले, की माणूस खरोखर पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहत असेल तेव्हाच ते नजर सरळ करील व तो अन्यत्र पाहताच थांबेल, तर आमचा आक्षेप बराचसा गळून पडतो. तसे करणे अशक्य आहे असे नाही. पण जाहिरात मात्र नेमकी उलट गोष्टीची होते, आणि लोकांना काय विकत हवे आहे हे जाहिरात देणाऱ्यास आमच्याहून अधिक कळते.

न्यायालयात तर ह्या दुसऱ्या रीतीचा धोका उघड आहे. पडद्यावरील साक्षीच्या वेळी साक्षीदाराच्या बाजूस कोणी पढवीत नाही ना, हे पाहण्यासाठी समन्वयक नेमण्याची व्यवस्था आहे. पण साक्षीदार समोर लावलेल्या कागदावरून उत्तरे वाचीत असेल तर आजवर त्याची हलणारी नजर तरी ते सांगून जात असे. तीही यंत्राने पुसली तर काय राहिले?

तरीही काचेच्या बाजूने आम्ही निःशंक आहोत असे वाचकांनी समजू नये. कॅमेऱ्याचा काळा ठिपका कुरूप असेल, पण तो सांगतो की येथे डोळा आहे. काचेच्या पोटात तो विरघळला की कोणतीही काच पाहू शकेल. आपल्या पूर्वजांनी खिडकीस गवाक्ष म्हटले, आणि त्या शब्दात डोळा आहेच. परंतु त्या डोळ्याने पाहणारा माणूस खिडकीपाशी येऊन उभा राहत असे, आणि आपण त्यास पाहू शकत होतो. उद्या दुकानाची काच, घराचे तावदान, उतारूंच्या डब्यातील खिडकी, ह्यांत डोळा आहे की नाही हे कळण्याचा उपाय राहणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्या हक्काचा आमच्या मते एक अगदी साधा अंश असा, की मी पाहिला जात आहे हे मला कळावे. जी काच मायलेकांची दृष्टिभेट घडविते तीच, खूण न ठेविली तर, एकतर्फी दृष्टीचे उत्तम हत्यार होते. कॅमेरा चालू असता काचेवर दिसेल असा दिवा लागलाच पाहिजे व तो यंत्राच्या मालकास विझविता येता कामा नये, एवढा नियम तरी ह्या काचा घरोघर येण्यापूर्वी झाला पाहिजे. वस्तू बाजारात रुळल्यावर केलेले नियम किती पाळले जातात हे न्यायालयात रोज दिसते.

आणखी एक मर्यादा जाता जाता नमूद करतो. विल्यम वुलस्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली चित्रांतील नजरेवर एक निबंध प्रसिद्ध केला. चित्रातील चेहरा समोर पाहत असेल तर खोलीत कोठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच पाहतो. हा सर्वांचा अनुभव त्याने तपासला. सपाट पडद्याचेही तसेच. दिवाळीला चार घरांतून चार भावंडे एकत्र दिसू लागली आणि थोरल्याने धाकटीकडे पाहिले, तर ती नजर एक तर कोणालाच मिळत नाही, नाही तर चौघांनाही सारखी मिळते. देवळाच्या थेट दर्शनात हे सोयीचेच पडते, कारण तिथे मूर्तीसमोर पडदा नसतो, कॅमेरा तेवढा असतो, आणि प्रत्येकास ती आपल्याकडे पाहते असे वाटते. त्या दर्शनाचे मोल काय, हे सांगण्याचा अधिकार शास्त्रीबुवांचा. माणसांच्या नजरेला मात्र अमुक एकाकडेच असणे आवश्यक असते. प्रत्येक पाहणाऱ्यास त्याच्या जागेप्रमाणे निराळी बाजू दाखविणाऱ्या पडद्यांवर काम चालू आहे. गूगलने २०२१ मध्ये दाखविलेले यंत्र त्याच जातीचे. ते अजून पाटावर मावत नाही.

आत्याबाईंकडे अजून जुनाच मोबाईल आहे आणि मुलाकडे जुनाच संगणक. मायलेकांनी मधला एक मार्ग काढला आहे. बोलणे चालू असता तो आईच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि त्यास खाली पाहणे म्हणावयाचे नाही असे त्याने तिला समजावून दिले आहे. निरोप घेताना तो वर भिंगाकडे पाहतो. मागल्या खेपेस आम्ही तिथे होतो. त्याने वर पाहिले तेव्हा आत्याबाईंनी त्यास विचारले, "आतां तुका हांव दिसतां?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "नाही आई, आता तू दिसत नाहीस." त्यांनी मान हलविली, "जाल्यार सकयल पळय," म्हणाल्या, म्हणजे खालीच पाहा, आणि फोन बंद होईपर्यंत तो खालीच पाहत राहिला.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, पडद्यावरून उलटतपासणी घेण्याची वेळ आली की आम्ही आता प्रथम दोन गोष्टी साक्षीत नमूद करून घेण्याची विनंती करतो: साक्षीदारासमोरील कॅमेरा पडद्याच्या कोणत्या बाजूस आहे, आणि त्याच्या यंत्रात नजर बदलणारी सोय चालू आहे की बंद. पहिल्या वेळी न्यायाधीशांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले आणि कारण विचारले. आम्ही कारण सांगितले. जुन्या दाव्याचे नाव सांगितले नाही. त्या दाव्यातील शेरा अजून त्या निकालपत्रात आहे. त्यानंतर त्यांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या, आणि साक्षीदारास आपला कॅमेरा दाखविण्यास सांगितले. तो पडद्याच्या वरच्या काठावर होता.